शाळेच्या बागेचे कुंपण : डांब पक्के कसे रोवावेत

एका शाळेत आषाढात लावलेली रोपे दिवाळीच्या सुट्टीत शेळ्यांनी फस्त केलेली मी पाहिली आहेत. कुंपण होते, परंतु त्याचे डांब कलून तारा जमिनीस टेकल्या होत्या. ज्या मुलांनी घरून तांब्यांनी पाणी आणून ती रोपे जगविली, त्यांची समजूत काढणे गुरुजींना कठीण गेले. पुढील वर्षी रोप लावण्यास मुले पुढे येईनात. म्हणून हा विषय लहान मानू नये.

डांब का कलतात ? शिंदखेडा तालुक्यात, विशेषतः तापीकाठच्या पट्ट्यात, काळी जमीन पुष्कळ आहे. बेसाल्ट खडकापासून झालेली ही चिकण माती पाणी मिळताच फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे डांबाभोवती पोकळी होते आणि गुरांच्या धक्क्याने तो हलू लागतो. वरून ढकललेला डांब तरफेप्रमाणे वागतो : वरचा भाग एका दिशेस जातो, बुंधा उलट दिशेस सरकू पाहतो. यास्तव खड्ड्याचा तळ व तोंड ही दोन्ही घट्ट ठासणे अगत्याचे आहे.

लाकूड वाळलेले व साल काढलेले घ्यावे. सालीखाली किडीस आसरा मिळतो. साग, अंजन किंवा बाभूळ यांचे जून, गाभ्याचे लाकूड चांगले. ओल व हवा एकत्र मिळतात तेथे, म्हणजे जमिनीच्या पातळीशी, लाकूड आधी कुजते. म्हणून बुंध्यापासून जमिनीवर वीतभर उंचीपर्यंत डांबराचे दोन हात द्यावेत. हे काम मोठ्या माणसांनीच करावे. माथा तिरपा कापावा, म्हणजे पाणी निथळते.

लांबीचा तिसरा हिस्सा जमिनीत असावा : 180 सें.मी. डांबास 60 सें.मी. खड्डा. कोपऱ्याचे डांब अधिक जाड व खोल असावेत. तारेचा ताण पडतो त्या दिशेने आतून त्यांस तिरपा टेका द्यावा. डांब ओळंब्यात धरून तळाशी दगडांच्या पाचरी माराव्यात. नंतर मुरूम वीतभर थराने टाकून प्रत्येक थर पहारीच्या बोथट टोकाने ठासावा. खड्डा एकदम भरून वरून धुम्मस केल्यास तळ पोकळच राहतो. उकरलेली काळी माती पुन्हा आत भरू नये. तोंडाशी पुन्हा दगड ठोकून वर उतरती माती चढवावी, म्हणजे पाणी साचत नाही. मुले वावरतात तेथे उघडा खड्डा रात्रभर ठेवू नये.

हे काम कार्तिक-मार्गशीर्षात, जमीन किंचित ओलसर असता करावे. चिखलात भराव बसत नाही व वैशाखात खणणे जड जाते. अर्थात कुंपण आधी, रोपे पुढील पावसाळ्यात, हाच क्रम योग्य होय.

यातून गणिताचा पाठही साधतो. बाग 20 मीटर लांब व 15 मीटर रुंद असून डांबांतील अंतर अडीच मीटर असल्यास डांब किती ? परिमिती 70 मीटर, म्हणून 28. काही मुले 29 म्हणतील. सरळ रांगेत अंतरांपेक्षा डांब एकाने अधिक असतो, बंद कुंपणात दोन्ही समान असतात. हे काड्या रोवून दाखवावे. कोपरा काटकोनात येण्यासाठी दोरीने 3, 4 व 5 मीटर बाजूंचा त्रिकोण आखावा.

पहार मोठ्यांच्या हाती असावी. मोजमाप, ओळंबा व नोंदी मुलांकडे द्याव्यात. पहिल्या पावसानंतर व पुन्हा उन्हाळ्यात प्रत्येक डांब हलवून पाहावा. सैल असल्यास भराव तत्काळ ठासावा. आपण राखलेले रोप वाढताना पाहणे, हा मुलांच्या शिक्षणाचाच भाग आहे.