कपावरची चाळ

गेल्या दिवाळीच्या आधी दादरच्या एका प्रदर्शनात मी आमची चाळ साडेतीनशे रुपयांना विकली जाताना पाहिली. चाळ म्हणजे कपावर छापलेली. तीन मजले, लाकडी कठडे, मधोमध जिना, कोपऱ्यात तुळशीची कुंडी, वर निळं आभाळ. एका बाईंनी दोन कप घेतले, एक स्वतःला आणि एक अमेरिकेतल्या मुलीला. खरी चाळ गिरगावात होती. २०१९ साली ती पाडली. त्या जागी अजून पत्र्याचं कुंपण आहे.

स्टॉल माझ्या पुतणीचा, दादाच्या धाकट्या मुलीचा. तिने उपयोजित कलेचं शिक्षण घेतलं, जाहिरातीच्या कंपनीत काही वर्षं काढली आणि मग स्वतःचा उद्योग थाटला. जुन्या मुंबईची चित्रं काढायची आणि ती कप, फ्रिजवरचे मॅग्नेट, कापडी पिशव्या यांवर छापून विकायची. आयुष्यभर बँकेत लोकांच्या उद्योगांना कर्जं दिल्यामुळे असेल, माझा पहिला प्रश्न ठरलेला होता : ‘‘माल केवढ्याला पडतो, आणि उधारी किती?’’ ती हसली. म्हणाली, ‘‘काका, दुकानदार माल ठेवून घेतात आणि विकल्यावर पैसे देतात. तेही आठवण केल्यावर.’’

तिच्याकडे सर्वांत जास्त खपतात त्या दोन गोष्टी : लाल डबलडेकर आणि काळी-पिवळी पद्मिनी. मुंबईत डबलडेकर १९३७ साली आली. जुन्या डिझेल डबलडेकरची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ रोजी झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता वातानुकूलित विजेच्या डबलडेकर धावतात, पण त्यांचा कप कोणी मागत नाही. वस्तू डोळ्यांसमोर असते तोवर तिच्याकडे कोण बघतो?

हा कप होतो कसा, तेही तिने मला दाखवलं. चित्र आधी संगणकावर तयार होतं. मग खास शाईने ते कागदावर उलटं छापतात. कपाला एक विशिष्ट लेप दिलेला असतो. कागद त्याभोवती गुंडाळून कप तापलेल्या यंत्रात काही मिनिटं दाबून धरतात. शाईची वाफ होते आणि ती लेपात मुरते. ऐकायला सोपं आहे. पण पडद्यावर झगझगीत दिसणारा लाल रंग कपावर उतरताना विटकरी होतो. डबलडेकरचा लाल जमेपर्यंत तिचे सतरा कप वाया गेले. शिवाय जागा तळहाताएवढी. बारीक रेघा मिटून जातात, त्यामुळे निम्म्याहून अधिक गोष्टी चित्रातून काढाव्याच लागतात. काय ठेवायचं आणि काय काढायचं, हाच सगळा धंदा.

आमच्या चाळीतून तिने काय काढलं होतं? माणसं. गॅलरीत कोणी नव्हतं. नळ नव्हता, बादल्या नव्हत्या, मजल्याच्या टोकाचे संडास तर नव्हतेच. मी तिथल्या तिथे तक्रार केली. ‘‘अगं, ही चाळ नव्हे, सुट्टीचा बंगला झाला! नळावरची रांग कुठाय? आणि खालून जाणाऱ्या ट्रामची घंटा आम्हाला गॅलरीत ऐकू यायची, तर एक ट्रामही काढ ना.’’

तिने फोनवर काहीतरी शोधलं. मुंबईतली शेवटची ट्राम धावली ३१ मार्च १९६४ रोजी. तेव्हा मी चार वर्षांचा होतो. ती घंटा बहुधा माझी नव्हतीच. वडील सांगायचे आणि मी ती आपली करून टाकली होती. नळाच्या बाबतीत मात्र तिने मला एवढ्यावर सोडलं नाही.

‘‘तुमच्या कादंबरीतलं नळावरचं भांडण वाचून लोक हसतात, काका. मी बारावीच्या परीक्षेच्या दिवशी पहाटे त्या रांगेत उभी होते. तुम्हाला बँकेचं घर मिळालं आणि तुम्ही गेलात. आम्ही राहिलो. मला ती रांग नाही काढायची.’’

यावर मी काय बोलणार? माझी पहिली कादंबरी याच चाळीवर आहे. तिचे पैसे मी घेतले, सत्कारही घेतला. पुतणीने चाळ कपावर विकली, मी पुस्तकात विकली, एवढाच काय तो फरक.

तरी चित्र रिकामं असू नये असं मला वाटत राहिलं. मी घरातली दोन पुस्तकं तिला नेऊन दिली. एक होतं एम. व्ही. धुरंधरांच्या चित्रांचं. धुरंधरांनी (१८६७–१९४४) पोस्टकार्डांसाठी मुंबई रंगवली, ती इथल्या माणसांच्या रूपाने. दुसरं मारिओ मिरांडांचं. मारिओ २०११ साली गेले, पण त्यांचा गोवा आजही कपांवर आणि फरशांवर विकला जातो. त्या गोव्यात घरं आहेत, चर्च आहे, पण लक्षात राहते ती गर्दी : मासळीवाल्या, पाद्री, गल्लीतली कुत्री. माणसं काढून टाकली तर तिथे नुसते कौलारू उतार उरतील.

पुतणीला पटलं, पण तिने वेगळाच प्रश्न काढला. कुलाब्याच्या ताज महाल हॉटेलच्या इमारतीचं बाह्यरूप २०१७ साली ट्रेडमार्क म्हणून नोंदलं गेलं आहे. त्यामुळे तो घुमट परवानगीवाचून कपावर छापून विकता येत नाही. ‘‘ताजला विचारायला मालक आहे. चाळीत माणसं काढायची तर विचारायचं कोणाला?’’

मी म्हटलं, ‘‘दादाला.’’

दादा चाळीत शेवटपर्यंत राहिला. आता तो दहिसरला भाड्याच्या जागेत आहे, नवीन इमारतीची वाट बघत. लेकीच्या मालाकडे त्याने कधी बघितलं नव्हतं. ‘‘जे पाडलं त्याची चित्रं कसली काढता?’’ म्हणायचा. त्या रविवारी आम्ही दोघं गेलो. चित्र टेबलावर ठेवलं. बराच वेळ तो पेपर वाचत राहिला. मग चष्मा पुसून त्याने चित्र जवळ ओढलं आणि दुसऱ्या मजल्यावर बोट ठेवलं.

‘‘इथे माझी खाट नाही.’’

दादा गॅलरीत झोपायचा. लग्नानंतर काही वर्षांनी जो बाहेर आला तो चाळ सोडेपर्यंत. पावसाळ्यात कठड्याला ताडपत्री बांधायचा. चाळीत बरेच पुरुष तसे झोपत, त्यामुळे आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. पुतणी म्हणाली, ‘‘बाबा, तुम्हाला उकडतं म्हणून तुम्ही बाहेर झोपता, असं सांगायचात.’’

‘‘दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं,’’ दादा म्हणाला. ‘‘तुम्ही दोघी मोठ्या झालात. अभ्यासाला रात्री दिवा लागायचा.’’ आणि त्याने पुन्हा पेपर उघडला.

परतीच्या लोकलमध्ये ती एक शब्दही बोलली नाही. पंधरा दिवसांनी नवीन चित्र आलं. चाळ तीच, पण वेळ रात्रीची. गॅलऱ्यांमधून खाटा आणि वळकट्या, कठड्यावर वाळत घातलेला टॉवेल, आणि दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत पिवळा दिवा. त्या दाराबाहेर खाटेवर एक माणूस डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपला आहे. नळ आहे, पण रांग नाही. तेवढा हट्ट तिने सोडला नाही, आणि मीही पुन्हा काही म्हटलं नाही.

दिवसाच्या चाळीपेक्षा रात्रीची चाळ कमी खपते. गडद चित्र भेट द्यायला लोक कचरतात. पण ती घेणारी माणसं स्टॉलवर थांबतात आणि आपला बाप, आजोबा कुठल्या मजल्यावर झोपायचा ते सांगतात. पुतणी ते एका वहीत लिहून ठेवते. तिचा हिशेब बघताना ती वही मी बाजूला ठेवतो, तिच्यात आकडे नाहीत.

दादाने कप घेतला नाही, त्याला स्टीलच्या पेल्यातला चहा लागतो. पण त्याच चित्राचा एक मॅग्नेट त्याच्या फ्रिजवर आहे. त्याखाली त्याने एक कागद अडकवला आहे. पर्यायी जागेचं भाडं बांधकाम करणाऱ्यांकडून ज्या ज्या महिन्यांचं आलेलं नाही, ते महिने त्यावर त्याच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहेत. परवा गेलो तेव्हा मोजले, चौदा झाले होते.