तापणारा, घरघरणारा आणि हँग होणारा लॅपटॉप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

धाराशिव जिल्ह्यात एप्रिल आणि मे महिन्यांत दुपारचा पारा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, पुष्कळदा त्याच्याही पुढे जातो आणि पत्र्याच्या छपराखालील खोली बाहेरच्या सावलीपेक्षाही अधिक तापते. प्रवेशपरीक्षांची तयारी आणि प्रवेशाचे अर्ज यांमुळे घरातल्या एकुलत्या एका लॅपटॉपवर ताण पडतो, तोही नेमका याच काळात. अशा वेळी लॅपटॉप घरघरू लागला, हात लावून पाहता चटका देऊ लागला आणि मध्येच हँग होऊ लागला, की या तीनही लक्षणांना एकच रोग समजून घाईने उपाय केले जातात. ज्या जिल्ह्यात असंख्य कुटुंबांच्या वर्षभराच्या खर्चाचे गणित सोयाबीनच्या एका पिकावर बसवलेले असते, तेथे चुकीच्या निदानापायी नवा लॅपटॉप घ्यावा लागणे हे मोठे नुकसान आहे. म्हणून या विषयातील रूढ समजुती वस्तुस्थितीशी ताडून पाहणे अगत्याचे ठरते.

उष्णतेची वाट

लॅपटॉपची सर्व गणिते करणारी मुख्य चकती, म्हणजे प्रोसेसर, अंगठ्याच्या नखापेक्षा फारशी मोठी नसते. परंतु साध्या लॅपटॉपमध्ये ती सुमारे १५ वॅट आणि भारी कामांसाठीच्या लॅपटॉपमध्ये ४५ वॅट किंवा त्याहून अधिक वीज घेते आणि यातील जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णतेत बदलते. ही उष्णता चकतीवरील लेपातून तांब्याच्या एका चपट्या नळीत जाते, जिला हीट पाइप म्हणतात. या बंद नळीत अगदी थोडे पाणी असते आणि आतील दाब कमी ठेवलेला असल्यामुळे ते कमी तापमानालाच वाफ होऊन नळीच्या थंड टोकाकडे धावते, तेथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, मूळ जागी परतते. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये सिद्ध करून दाखवलेले हे तत्त्व आज जवळपास प्रत्येक पंखा असलेल्या लॅपटॉपमध्ये वापरले जाते. नळीच्या थंड टोकाला धातूच्या पातळ पात्यांची दाट रांग असते, पंखा तळातून हवा ओढून त्या पात्यांमधून बाहेर फेकतो आणि उष्णता खोलीत जाते. चकती, लेप, नळी, पाती, पंखा आणि खोलीतील हवा असा हा मार्ग असून त्यातील एक टप्पा अडला तरी मागची सारी उष्णता तुंबते. पुढील बरेचसे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

गैरसमज १ : पंख्याचा आवाज वाढला म्हणजे पंखा बिघडला

वस्तुस्थिती अशी की पंख्याचा वेग तापमानानुसार आपोआप कमी-जास्त होतो, आणि वाऱ्यासारखा एकसुरी ‘सूं’ असा आवाज येत असेल तर पंखा आपले काम चोख करीत आहे, असेच समजावे. काळजी करावी ती आवाजाच्या जातीची. खरखर किंवा किरकिर ऐकू आली तर पंख्याचे बेअरिंग, म्हणजे त्याचा आस ज्यात फिरतो तो भाग, झिजल्याची शक्यता असते. ठरावीक अंतराने ‘टक् टक्’ असा आवाज आला तर तो बहुधा फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचा असतो, आणि तेव्हा इतर काहीही करण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवणे आवश्यक असते. सर्वांत धोक्याची स्थिती म्हणजे पंखा असलेला लॅपटॉप चटका बसेल इतका तापूनही पूर्ण शांत राहणे, कारण तेथे पंखाच बंद पडलेला असू शकतो.

गैरसमज २ : प्रोसेसर ९० अंशांवर गेला की लॅपटॉप जळतो

बहुतेक आधुनिक प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठरवलेली असते. ती जवळ येताच प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, या क्रियेला थ्रॉटलिंग म्हणतात, आणि तरीही तापमान वाढतच राहिले तर यंत्र स्वतःला बंद करून घेते. त्यामुळे क्षणभर ९० अंश दिसणे हा अपघात नव्हे. मात्र साध्या कामातही तापमान तेथेच टिकून राहणे हे मार्ग अडल्याचे चिन्ह होय.

येथे स्थानिक हवामानाचा हिशेब महत्त्वाचा आहे. समजा, एखाद्या कामात प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा ६० अंशांनी अधिक तापतो. जानेवारीच्या सकाळी खोलीत २५ अंश असतील तर तो ८५ अंशांवर स्थिरावेल. मे महिन्याच्या दुपारी खोलीत ४१ अंश असतील तर तोच आकडा १०१ होईल आणि प्रोसेसर वेग कमी करू लागेल. यंत्रात कोणताही बिघाड नसताना हिवाळ्यात सुरळीत चालणारा लॅपटॉप उन्हाळ्यात रेंगाळतो, तो यामुळे. म्हणून जड कामे पहाटे किंवा रात्री उरकणे हा धाराशिवच्या उन्हाळ्यातील बिनखर्ची आणि शास्त्रशुद्ध उपाय ठरतो.

गैरसमज ३ : बाहेरून फुंकर किंवा ब्लोअर मारला की सफाई झाली

काळ्या जमिनीवरची उन्हाळी धूळ अतिशय बारीक असते, आणि ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीनच्या मळणीचे भुस्कट गावभर उडते. ही धूळ, भुस्कट, कपड्यांचे तंतू आणि केस पंख्याबरोबर आत ओढले जातात आणि पंखा व धातूची पाती यांच्या मधल्या फटीत अडकून थरावर थर चढत त्यांचा नमद्यासारखा दाट राखाडी पट्टा तयार होतो. बाहेरच्या जाळीतून पाहिल्यास पाती स्वच्छ दिसतात, कारण पट्टा त्यांच्या आतल्या बाजूला असतो. बाहेरून मारलेल्या झोताने तो पुष्कळदा पंख्याकडे ढकलला जातो आणि काही दिवसांत परत जागेवर येतो. तळाचे झाकण उघडून पंखा बाजूला केला की हाच पट्टा चिमटीत धरून सलग उचलता येतो, आणि अनेकदा लॅपटॉपचा सगळा आजार एवढाच असतो.

झोत मारायचाच असेल तर लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून आणि पंख्याचे पाते काडीने हलकेच अडवून मारावा, कारण जोराच्या हवेने पंखा मर्यादेबाहेर फिरल्यास त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. प्रोसेसरवरील लेप, ज्याला थर्मल पेस्ट म्हणतात, चकती आणि तिच्यावरील धातू यांच्या पृष्ठभागांमधील सूक्ष्म फटी भरण्यासाठी असतो. काही वर्षांत तो सुकतो आणि सर्व्हिसिंगच्या वेळी तो बदलणे योग्य असते. परंतु जाड थर दिल्याने लाभ वाढत नाही, उलट उष्णतेच्या वाटेत अडसर निर्माण होतो.

गैरसमज ४ : कूलिंग पॅड, कूलर किंवा फ्रीज यांनी प्रश्न मिटतो

खाली ठेवायच्या पंखेवाल्या पॅडमुळे तापमान काही अंशांनी उतरू शकते, पण आतील पाती बुजलेली असतील तर बाहेरची हवा कितीही ढकलली तरी ती आतून पार होत नाही. पॅडइतकाच लाभ अनेकदा साध्या लाकडी पाटाने होतो: गादी किंवा गोधडीवर ठेवलेल्या लॅपटॉपच्या तळाची छिद्रे कापडात रुतून बंद होतात, तर पाटाच्या सपाट, कडक पृष्ठभागावर रबरी पायांमुळे राहिलेली फट हवेसाठी मोकळी राहते.

मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर खोलीतील हवा खरोखर थंड करतो आणि त्याचा लाभ लॅपटॉपलाही मिळतो. मात्र कूलरच्या थेट झोतासमोर लॅपटॉप ठेवू नये, कारण झोताबरोबर आलेले बारीक तुषार आत गेल्यास धातूचे जोड गंजू शकतात आणि बोअरच्या जड पाण्यातील क्षार मागे पांढरा थर ठेवतात. तापलेला लॅपटॉप फ्रीजमध्ये ठेवणे तर सर्वस्वी घातक आहे: बाहेर काढताच, गार तांब्यावर धरावे तसे पाण्याचे थेंब त्याच्या आतील भागांवर धरतात आणि त्या अवस्थेत तो चालू केल्यास शॉर्टसर्किट होऊ शकते.

गैरसमज ५ : लॅपटॉप हँग होतो तो तापल्यामुळेच

उष्णतेमुळे लॅपटॉप मुख्यतः मंदावतो किंवा अचानक बंद होतो. पडदा जागच्या जागी गोठण्यामागे अनेकदा वेगळीच कारणे असतात. त्यातील सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे रॅमची, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणाऱ्या जागेची, टंचाई. जुलैमध्ये खरीप पीक विम्याचे अर्ज भरण्याची गर्दी असताना सेवा केंद्रातील ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ब्राउझरच्या अनेक खिडक्या, स्कॅन केलेले सातबारा उतारे आणि प्रिंटरचा प्रोग्रॅम एकाच वेळी उघडे असले, की रॅम भरते आणि विंडोज उरलेली माहिती हार्ड डिस्कवर ठेवू लागते. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कला विखुरलेली माहिती सेकंदाला जेमतेम शंभरेक वेळा शोधता येते, तर फिरते भाग नसलेल्या एसएसडीला तेच काम हजारो वेळा करता येते. त्यामुळे माउसचा बाण हलत राहतो, पण खिडक्या पांढऱ्या पडून थिजतात.

हे ओळखण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा. त्यात डिस्कचा आकडा दीर्घकाळ १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसरचा आकडा अगदी कमी दिसला, तर दोष उष्णतेचा नसून रॅमचा किंवा डिस्कचा असण्याची शक्यता अधिक. अशा लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवणे आणि शक्य असल्यास रॅम वाढवणे हा नव्या यंत्राच्या तुलनेत पुष्कळच स्वस्त उपाय असतो.

गैरसमज ६ : व्हायरस शिरला असेल, फॉरमॅट मारला की झाले

घातक प्रोग्रॅम प्रोसेसरला सतत राबवून लॅपटॉप तापवू शकतात, हे खरे. तथापि टास्क मॅनेजरमध्ये कोणता प्रोग्रॅम किती प्रोसेसर वापरतो हे न पाहता सगळे पुसून टाकणे म्हणजे निदानाआधीच शस्त्रक्रिया करणे होय. फॉरमॅटने धूळ निघत नाही, सुकलेला लेप ओला होत नाही आणि मरणपंथाला लागलेली हार्ड डिस्क बरी होत नाही. मात्र प्रत काढलेली नसेल तर अभ्यासाच्या टिपणांपासून घरच्या लग्नाच्या छायाचित्रांपर्यंत सारे हातचे जाते. एकावर एक असे दोन अँटिव्हायरस बसवणे हेही त्रासाचेच कारण ठरते, कारण दोन्ही एकाच फाइली तपासत राहतात आणि भार वाढतो.

गैरसमज ७ : दोष गावच्या विजेचा, म्हणून स्टॅबिलायझर हवा

लॅपटॉपच्या अडॅप्टरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट असा आकडा छापलेला असतो. याचा अर्थ असा की दाब बराच खाली-वर झाला तरी अडॅप्टर आतला पुरवठा स्थिर ठेवतो आणि वेगळ्या स्टॅबिलायझरची सहसा गरज पडत नाही. वळवाच्या पावसातील विजांपासून मात्र अडॅप्टर वाचवू शकत नाही, म्हणून गडगडाट सुरू होताच पिन काढून ठेवावी. दुसरी दुर्लक्षित बाब अडॅप्टरच्या वॅटची आहे: ६५ वॅटच्या जागी ४५ वॅटचा अडॅप्टर लावल्यास काही लॅपटॉप ते ओळखून प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी ठेवतात, आणि वापरकर्ता त्या मंदपणाचे खापर उष्णतेवर फोडतो.

गैरसमज ८ : बॅटरी थोडी फुगली तरी चालते

लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि सततची पूर्ण चार्ज अवस्था या दोन्ही गोष्टी जाचतात, त्यामुळे कायम पिन लावून चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये सोय असल्यास चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवणे हितकारक असते. टचपॅड वर उचलला जाणे, तळाच्या झाकणाला फट पडणे किंवा सपाट पाटावर लॅपटॉप डुगडुगणे ही बॅटरी फुगल्याची लक्षणे होत. अशा बॅटरीला आग लागण्याचा धोका असतो; ती टोचू किंवा दाबू नये, चार्जिंग तत्काळ थांबवावे आणि जाणकाराकडून बदलून घ्यावी.

तपासणीचा क्रम

निदानाची सर्वांत साधी कसोटी कोणत्याही उपकरणाविना करता येते. लॅपटॉप पहाटे गार असताना, चालू केल्याबरोबरच हँग होत असेल तर डिस्क, रॅम किंवा प्रोग्रॅम यांच्याकडे पाहावे. अर्धा तास नीट चालून मग अडखळत असेल आणि गार झाल्यावर पुन्हा सुरळीत होत असेल तर उष्णतेच्या मार्गाकडे पाहावे. त्यानंतरचा क्रम खर्चाच्या चढत्या भाजणीने ठेवावा: प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढावी, मग लॅपटॉप कडक पृष्ठभागावर ठेवून टास्क मॅनेजर पाहावा, नंतर आतील सफाई आणि लेप, त्यानंतर पंखा, त्यानंतर एसएसडी किंवा रॅम, आणि हे सर्व करूनही दोष राहिला तरच मुख्य बोर्डाचा किंवा नव्या यंत्राचा विचार करावा. दुरुस्तीला देताना केवळ ‘हँग होतो’ असे न सांगता तो कोणत्या वेळी, किती वेळाने आणि कोणत्या आवाजासह अडखळतो हे सांगितल्यास कारागिराला उष्णतेची वाट नेमकी कोठे अडली ते शोधता येते, आणि झाकण उघडून चिमटीभर धूळ काढण्याने जे काम भागणार होते, त्यासाठी कुटुंबाला पुढच्या पिकाचा पैसा खर्ची घालावा लागत नाही.