घोड्याची दौड कोठे घ्यावी?
वसई तालुक्यातील कळंबच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी चालून पाहा. वरच्या कोरड्या वाळूत पाय रुततो. खालच्या ओलसर पट्ट्यात जेमतेम ठसा उमटतो. असे का? कणांमधले थोडेसे पाणी पृष्ठताणामुळे कणांना एकमेकांशी बांधून ठेवते. पाण्याने पुरती भरलेल्या वाळूत हे बंधन नाहीसे होते.

आता सुमारे 400 किलोग्रॅम वजनाचा घोडा घ्या. भरधाव दौडीत त्याच्या एकेका खुरावर वजनाच्या दुपटीहून अधिक बल येते. खूर रुतला, की शक्ती वाळू सारण्यात वाया जाते आणि पायाच्या कंडरांवर ताण पडतो. दुखावलेली कंडरा बरी व्हायला कित्येक महिने लागतात. म्हणून नवशिक्या घोड्याला कोरड्या वाळूत सावकाश चालवावे. दौड मात्र ओलसर पट्ट्यावरच घ्यावी.