शंख सोडल्याची किंमत

मृगाच्या सरींनी जमीन भिजली की कुंड्यांच्या तळाशी, विटांखाली, फरशीच्या ओल्या कडेला काळपट, चपटे, बोटभर लांबीचे जीव दिसू लागतात. ही शंख नसलेली गोगलगाय. शेतीच्या पुस्तिकांत तिला शेंबी म्हणतात, बागकाम करणारे स्लग म्हणतात. आपल्याकडे बागांत नेहमी आढळणारी जात लेव्हिकॉलिस आल्टे. पाठीवर डोक्यापासून शेपटापर्यंत मधोमध फिकट रेघ असेल तर बहुधा तीच. मूळची ही आफ्रिकेतली. रोपं आणि त्यांच्या मुळांची माती देशोदेशी फिरत गेली, तशी तीही पसरली.

शंख टाकून देण्याचा प्रकार उत्क्रांतीत एकदाच घडलेला नाही. गोगलगायींच्या वेगवेगळ्या कुळांत तो स्वतंत्रपणे अनेकदा घडला. त्यात फायदा आहेच. शंख घडवायला चुना लागतो, आणि तो सगळ्याच मातीत मुबलक नसतो. शिवाय पाठीवरचं ओझं गेलं की सालीखालच्या चिरेत आणि मातीच्या भेगेतही अंग शिरतं. पण शंख ही पाणी राखण्याची जागाही होती. ती गेल्यावर ओली, मऊ कातडी उघडी पडली, आणि शेंबीचं सगळं जगणं पाण्याच्या हिशोबावर येऊन ठेपलं. ती रात्री का बाहेर पडते, पावसात का वाढते, उन्हाळ्यात कुठे नाहीशी होते, हे सगळं या एका गोष्टीवरून उलगडतं.

बहुतेक स्लगच्या डोक्यामागे प्रावरणाची, म्हणजे पाठीवरच्या मांसल आवरणाची, ढाल असते, तिच्या उजव्या बाजूला श्वास घेण्याचं भोक असतं आणि कित्येकांत त्या ढालीखाली शंखाचा अवशेष म्हणून पातळ चकती उरलेली असते. आपल्या लेव्हिकॉलिसमध्ये यातलं काहीच दिसत नाही. तिची अख्खी पाठ म्हणजेच प्रावरण. चामड्यासारखं चिवट झालेलं हे आवरण कडांवरून वळून पोटाखालीही येतं. ती उलटी केली तर चालण्याचा तळवा मधल्या अरुंद पट्टीपुरता, जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद दिसतो. बाष्पीभवनाला वाव कमी, म्हणून इतर स्लगपेक्षा ही कोरडेपणा जास्त सोसते. कोरड्या दिवसांत ती मातीत, दगडांखाली दडून राहते.

डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या असतात. वरच्या जोडीच्या टोकांवर डोळे, पण ते उजेड-अंधार ओळखण्यापुरतेच. खरा भरवसा वासावर. खालची जोडी चव आणि स्पर्श पाहते. तोंडात हजारो सूक्ष्म दातांची, किसणीसारखी पट्टी असते. पुढचे दात झिजतात, मागून नवे येत राहतात.

या प्राण्याची सगळ्यात थक्क करणारी गोष्ट मात्र जिची आपल्याला किळस येते तीच, म्हणजे त्याचा चिकट स्राव. एकाच पायावर चालायचं, तोही पूर्णवेळ जमिनीला चिकटलेला, मग पुढे सरकायचं कसं? जीवशास्त्रज्ञ मार्क डेनी यांनी 1980 साली अमेरिकेतल्या बनाना स्लगवर याचं उत्तर शोधलं. तळव्यावरून स्नायूंच्या लाटा सरकतात. लाटेचा जोर पडतो तिथे स्राव क्षणभर प्रवाही होतो, जोर सरला की पुन्हा घट्ट होऊन पकड देतो. त्यामुळे पायाचा एक भाग धरून ठेवतो तेव्हाच दुसरा घसरतो. भिंतीवर सरळ चढता येतं ते यामुळेच. पण हा स्राव प्रत्येक पावलाला नव्याने तयार करावा लागतो. चालण्याच्या सगळ्या ज्ञात पद्धतींत ही फार महागडी ठरते. धावणाऱ्या प्राण्याच्या तुलनेत सुमारे बारा पट ऊर्जा जाते, असा डेनी यांचा हिशोब होता. आणि त्यात पाणीही जातं!

बचावासाठी सोडलेला स्राव आणखी निराळा, दाट आणि विलक्षण चिकट असतो. एरिऑन सबफस्कस या युरोपीय स्लगच्या अशा स्रावावरून हार्वर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये रक्ताने ओल्या झालेल्या ऊतीलाही धरून राहणारा गोंद बनवला आणि डुकराच्या हृदयावर तपासून पाहिला.

बुद्धीच्या बाबतीतही स्लगला कमी लेखू नये. अ‍ॅलन गेल्पेरिन या संशोधकाने 1975 साली लिमॅक्स मॅक्सिमस या स्लगला एखादं खाद्य दिल्यावर लगेच कार्बन डायऑक्साइडचा त्रास दिला. तिने नंतर नेमकं तेवढंच खाद्य टाळलं. काहींना तर एकच अनुभव पुरला. इतक्या साध्या मेंदूत स्मृती कशी साठते, याचा अभ्यास त्यामुळे सोपा झाला.

प्रत्येक स्लग नरही असते आणि मादीही, आणि ओल्या मातीत अंडी घालते. म्हणून एका पावसाळ्यात त्यांची संख्या झपाट्याने वाढते आणि कोवळी रोपं रातोरात फस्त होतात. त्यावर घरोघरी मीठ टाकलं जातं. मीठ कातडीतून पाणी ओढून घेतं आणि ती तडफडून मरते. हा उपाय क्रूर आहे आणि कुंडीतल्या मातीचंही वाटोळं करतो. स्लगनाशक मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्यांनाही मारतात. ब्रिटनने 2022 पासून त्यांचा उघड्यावरचा वापर बंद केला. शिवाय सह्याद्रीत ज्यांचा लखलखाट पाहायला आपण गर्दी करतो, त्या काजव्यांच्या अळ्या गोगलगायी आणि स्लग खाऊन वाढतात. त्यामुळे विषापेक्षा जुना उपाय बरा: संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट बागेत पसरावं, सकाळी त्याखाली जमलेल्या शेंबी चिमट्याने उचलाव्यात.

त्यांना उघड्या हाताने मात्र शिवू नका, मुलांनाही शिवू देऊ नका. उंदरांच्या फुप्फुसातल्या जंताच्या अळ्या लेव्हिकॉलिसच्या अंगात वाढू शकतात, आणि त्या माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. पावसाळ्यात बागेतली कोथिंबीर, पालक, पुदिना पान न् पान वाहत्या पाण्याखाली धुऊन घ्या, आणि शक्यतो शिजवूनच खा.