कात्रीची तारीख, वाइनची चव

दिवाळीच्या सुमारास नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी, निफाड आणि चांदवड तालुक्यांतल्या द्राक्षबागांना वर्षातली सर्वांत मोठी धाकधूक लागलेली असते. फळासाठीची गोडी छाटणी उरकलेली, कोवळ्या फुटव्यांतून घड डोकावू लागलेले आणि वर ढगाळ आभाळ. अशा दिवसांत पाऊस झाला आणि मागोमाग पहाटेचं दव पडत राहिलं, की डाऊनी (केवडा) रोग पानांवरून घडांवर उतरतो. घरात फराळाची ताटं भरलेली असतात, पण बागाईतदाराचं डोकं फवारणीत अडकलेलं असतं. नाशिकच्या वायनऱ्यांकडे पर्यटकांची रीघ लागते ती थंडी पडल्यावर. त्यांच्या ग्लासात जे येतं, त्यातलं बरंचसं मात्र त्याआधी कधीतरी बांधावर ठरून गेलेलं असतं. ते समजून घ्यायचं असेल तर एखाद्या कुटुंबाच्या छोट्या वायनरीत जावं. तिथे वेल छाटणारा आणि वाइन ओतून देणारा एकाच घरातले असतात.

द्राक्षातून वाइनकडे

महाराष्ट्राला द्राक्ष नवं नव्हतं. थॉमसन सीडलेसच्या बागांत वेगळी दिसलेली काडी हेरून शेतकऱ्यांनीच तास-ए-गणेश, सोनाका असे वाण पुढे आणले. वाइनची द्राक्षं मात्र वेगळी: मणी लहान, साल जाड, आत बिया. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रसाहाय्य घेऊन नारायणगावला इंडेज ही वायनरी उभी केली आणि इथली फसफसती वाइन परदेशी गेली. पुढे राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या परिसरात सुला उभारली. तिची पहिली वाइन २०००मध्ये बाजारात आली. २००१मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं. विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क झाले आणि अनेक द्राक्ष उत्पादक घरांनी स्वतःच्या टाक्या उभ्या करायचं मनावर घेतलं.

त्यांतून आलेली नावं आज परिचयाची आहेत. निफाडजवळ कुंदेवाडीला पाटील कुटुंबाच्या रेव्हेलोने ग्रिलो आणि नेरो दाव्होला या सिसिलीच्या जाती लावल्या. गुरनानी कुटुंबाने तीन मुलांच्या नावांची आद्याक्षरं जोडून आपल्या वायनरीचं यॉर्क हे नाव ठेवलं. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला मोहिते-पाटील, दिल्लीचं सेखरी आणि इटलीचं सेच्ची अशी तीन कुटुंबं फ्रातेल्लीसाठी एकत्र आली.

दोन छाटण्यांचं वर्ष

युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, वसंतात आपसूक फुटतो आणि वर्षाकाठी एकच पीक देतो. आपल्याकडे त्याला झोपवेल एवढी सलग थंडीच नाही. छाटलं की तो फुटतो. म्हणून इथला हंगाम माणसाच्या कात्रीने सुरू होतो, आणि नाशिकच्या वाइनचं सगळं वेगळेपण या एका गोष्टीतून निघतं.

एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी. ओलांड्यापर्यंत, म्हणजे वेलाच्या कायम आडव्या फांदीपर्यंत, सगळं उतरवलं जातं आणि भर उन्हात नवी फूट येते. पुढच्या दोन-अडीच महिन्यांत त्या काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. डोळ्याला दिसत नाही, पण पुढच्या हंगामात घड किती येणार याचा पाया तिथेच पडतो. त्यासाठी काडीवर ऊन पडावं लागतं. जूनमध्ये ढग लांबले किंवा पानांची गर्दी झाली, तर त्याची किंमत पुढे हिवाळ्यात मोजावी लागते.

मग येते फळाची, म्हणजे गोडी छाटणी. खाण्याच्या द्राक्षाची बहुतेक ऑक्टोबरमध्ये होते. वाइनच्या बागा बऱ्याचदा सप्टेंबरमध्येच छाटायला घेतात. इथे घरात खरा खल होतो. लवकर छाटलं तर परतीचा पाऊस ऐन फुलोऱ्यात गाठण्याची भीती. उशीर केला तर मणी मार्चच्या उन्हात पिकतात, साखर झपाट्याने चढते, आम्लता कोसळते आणि वाइन बोजड होते. एका घराकडे चार प्लॉट असतील तर चारही एका दिवशी छाटत नाहीत. जोखीम वाटून घेण्याचा हा शहाणपणा पिढ्यांनी कमावलेला आहे.

डिसेंबर-जानेवारीचे दिवस समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकचे खरे वैभवाचे. दुपारी लख्ख ऊन, रात्री कडाक्याची थंडी. त्या थंडीमुळे मण्यात पाणी उतरल्यावरही आंबटपणा टिकतो आणि सालीत रंग भरतो. खाण्याच्या द्राक्षाला मणी फुगवायला जिबरेलिक आम्लाच्या बुडवण्या देतात, वाइनच्या द्राक्षाला देत नाहीत. रंग, वास आणि टॅनिन सालीत असतात. मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त मिळते.

काढणी आणि टाकी

जानेवारीपासून मार्चपर्यंत काढणी. आधी सोव्हिन्यों ब्लाँ, शेनिन ब्लाँ या पांढऱ्या जाती, मग शिराझ आणि कॅबर्ने. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, पाहतात. २२-२४च्या आसपास आकडा आला की घर सावध होतं. पण जाणता माणूस आकड्यावर थांबत नाही. तो मणी चावतो, साल जिभेवर चोळतो, बी दाताखाली फोडतो. बी हिरवी आणि कडवट असेल तर थांबायचं. तपकिरी होऊन कटकन फुटली तर टोळीला सांगावा धाडायचा.

या टोळ्यांतल्या कितीतरी बाया-बापे पेठ आणि सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवरून येतात. छाटणी, विरळणी, काढणी सगळं त्यांच्या हातांवर चालतं. उन्हाने घड तापू नयेत म्हणून टोळ्या अंधारातच बागेत शिरतात. नाशिकच्या वाइनचं कौतुक करताना या हातांचा उल्लेख आधी व्हायला हवा.

एक टन द्राक्षांतून साधारण ६०० ते ७०० लिटर वाइन निघते. पांढरीसाठी रस लगेच सालीपासून वेगळा करून १२ ते १६ अंशांना सावकाश आंबवतात, म्हणजे वास उडून जात नाही. तांबडी सालीसकट आंबते. साली वर येऊन जाड थर धरतात. तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो किंवा तळातला रस पंपाने वर सोडावा लागतो. या दिवसांत वीज गेली आणि टाक्यांचं कूलिंग थांबलं, तर रात्री दोन वाजता सगळं घर शेडमध्ये असतं.

चाखण्याचं टेबल

दिंडोरी तालुक्यातल्या अशाच एका घरी मी दोन शेनिन ब्लाँ शेजारी ठेवून चाखल्या. बाग तीच, वर्षं वेगळी. एकीत पिकल्या पेरूचा आणि मधाचा वास, जिभेवर गोलाई. दुसरी सडपातळ, लिंबासारखी धारदार. ओतून देणाऱ्या ताईंनी कारण सांगितलं: दुसऱ्या वर्षी काढणीच्या तोंडावर अवकाळीचा अंदाज आला, घडकूज होण्यापेक्षा आंबट परवडलं, म्हणून त्यांनी माल आठवडाभर आधीच उतरवला. तो कौटुंबिक निर्णय मला ग्लासात सरळ लागत होता. दोन्ही वाइन चांगल्या होत्या. दुसरी मला जास्त मोलाची वाटली.

चाखायला विशेष ज्ञान लागत नाही, सवड लागते. ग्लास एक तृतीयांश भरावा, फिरवावा, नाक आत घालून वास घ्यावा. सोव्हिन्यों ब्लाँमध्ये ढोबळी मिरचीचा वास येतो, कारण पायरॅझिन गटातली तीच द्रव्यं दोन्हींत असतात. शिराझमध्ये काळी मिरी जाणवते, कारण मिरीतलं रोटंडोन शिराझच्या सालीतही असतं. मग घोट जिभेवर घोळवावा. कडेला सुटतं ते पाणी आम्लतेचं, हिरड्यांवरची तुरट पकड टॅनिनची, घशातली ऊब अल्कोहोलची. घोट थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. ते वापरण्यात संकोच नको. पाच-सहा वाइन नीट समजून घ्यायच्या तर तोच मार्ग.

जेवणाशी जोड घालताना एक लक्षात ठेवावं: टॅनिन आणि अल्कोहोल तिखटाची आग वाढवतात, किंचित गोडी ती शमवते. म्हणून मिसळीबरोबर थंडगार, जराशी गोडसर शेनिन खुलते. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर मऊ टॅनिनची झिनफँडेल चांगली लागते, तीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून. तांबडी वाइन १६-१८ अंशांना द्यायची असते, आणि आपल्या उन्हाळ्यातली खोली त्याहून कितीतरी तापलेली असते.

टिकण्याचा प्रश्न

२००८-०९च्या मंदीत आणि मुंबईवरील हल्ल्यानंतर मागणी आटली, इंडेज कोसळली आणि अनेक वायनऱ्यांना टाळी लागली. कराराने वाइनचं द्राक्ष लावलेल्या शेतकऱ्याला सर्वांत मोठा फटका बसला. हे द्राक्ष बाजार समितीत खाण्यासाठी विकलं जात नाही, त्याचा बेदाणाही धड होत नाही. कित्येकांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली. २०२१मध्ये यॉर्क सुलाकडे गेली. २०२२च्या जानेवारीत मोठ्या दुकानांत वाइन ठेवायला मंत्रिमंडळाने मान्यता दिली, पण कडाडून विरोध झाला आणि निर्णय अमलात आला नाही. दर राज्याचं वेगळं उत्पादन शुल्क, वेगळी लेबल नोंदणी. छोट्या घराला हा खर्च झेपत नाही. त्याचा जीव दारात येणाऱ्या गिऱ्हाइकात असतो.

दारूविषयी समाजाला वाटणारी काळजी खरी आहे आणि मी ती हलकी मानत नाही. पण मोजून चाखायला शिकवणारं, पिकवणाऱ्याचा चेहरा दाखवणारं ठिकाण कुठलं असेल तर ते छोट्या वायनरीतलं चाखण्याचं टेबल आहे. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्याला अर्थ यायचा असेल तर बाटलीवर प्लॉट, गोडी छाटणीची तारीख आणि काढणीची तारीख छापावी, अशी माझी सूचना आहे. खर्च नगण्य आहे, आणि या भागाचं खरं कसब त्या दोन तारखांमध्येच आहे. मोठ्या कारखान्याला अनेक बागांचा माल एकत्र करून दरवर्षी एकच चव राखावी लागते. छोट्या घराला वर्ष जसं गेलं तसं सांगता येतं. आपण गिऱ्हाइकांनीही दरसाल तीच चव मिळावी असा हट्ट सोडायला हवा. वर्ष अवघड गेलं असेल तर त्या वर्षाची बाटली आधी मागावी, तिची पूर्ण किंमत द्यावी आणि त्या साली कात्री कधी लावली होती, हे आवर्जून विचारावं.