सांधे बदलले, गिऱ्हाईक भांडले : लेगोच्या ‘बायोनिकल’ची हकीकत

डेन्मार्क हा उत्तर युरोपातला लहानसा देश. तिथल्या बिलुंड गावात ओले किर्क क्रिस्टियानसेन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली. पुढे प्लॅस्टिक आले, लाकूड मागे पडले, आणि १९५८ साली एकमेकींत घट्ट बसणाऱ्या विटांचे पेटंट घेण्यात आले. हीच ती लेगो कंपनी. त्या १९५८ च्या विटेवर आजची वीटही बसते. कारागीर बांधवांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवून पुढचे वाचावे, कारण आज ज्या वादाविषयी लिहायचे आहे तो सगळा मालाच्या बसण्या-न बसण्याचा आहे.

वाद विटांचा नाही, योद्ध्यांचा आहे. मुलाने सुटे भाग जोडून स्वतः योद्धा उभा करायचा आणि मग त्याच्याशी खेळायचे, अशा मालाला शौकीन मंडळी ‘कॉन्स्ट्रॅक्शन’ म्हणतात. कन्स्ट्रक्शन आणि ॲक्शन या दोन शब्दांचा तो जोड आहे. लेगोने हा माल २००१ साली ‘बायोनिकल’ नावाने मोठ्या प्रमाणावर काढला, २०१० साली बंद केला, २०१५ साली परत आणला आणि २०१६ साली पुन्हा बंद केला. माल बंद होऊन इतकी वर्षे झाली, तरी तो चांगला कोणता होता आणि परत आला तर कसा यावा, यावर त्याचे जुने गिऱ्हाईक अजून हुज्जत घालतात. आपल्याकडे बंद पडलेल्या साडीसाठी कोणी इतके भांडले असते तर कारखानदाराने पेढे वाटले असते.

आधी हा माल आला कसा ते पाहू. १९९८ साली लेगोला तिच्या इतिहासात पहिल्यांदा तोटा झाला. १९९९ मध्ये कंपनीने ‘स्टार वॉर्स’ सिनेमाचा परवाना घेऊन माल काढला. तो चांगला खपला, पण परक्याच्या नावाचा माल विकताना रॉयल्टी द्यावी लागते, शिवाय ज्या साली सिनेमा येत नाही त्या साली विक्री बसते. म्हणून कंपनीला स्वतःच्या मालकीची कथा हवी होती. १९९९ मध्ये ‘स्लायझर’ आणि २००० मध्ये ‘रोबोरायडर्स’ असे दोन नमुने बाजारात टाकून पाहिले. त्यातून बायोनिकल तयार झाले.

कल्पनेच्या मुळाशी कोपनहेगनच्या एका जाहिरात संस्थेतला चित्रकार ख्रिश्चन फेबर होता. त्याच्या मेंदूत गाठ होती आणि त्यावर औषध चालू होते. आजारी शरीरात जाऊन लढणाऱ्या लहान लहान शिपायांचा विचार त्याला त्यातून सुचला, असे त्याने स्वतः सांगितले आहे. सहा योद्धे औषधाच्या कॅप्सूलसारख्या डब्यांतून एका बेटाच्या किनाऱ्याला लागतात, अशी कथेची सुरुवात होती. माल विकलाही गेला तशाच डब्यांतून. नावातही हाच अर्थ आहे : ‘बायोलॉजिकल’ आणि ‘क्रॉनिकल’ मिळून बायोनिकल.

विक्रीची युक्ती मुखवट्यात होती. पहिल्या साली सहा योद्धे, बारा तऱ्हेचे मुखवटे आणि सहा रंग. मुखवट्यांची वेगळी पाकिटे मिळत, पण आत कोणता मुखवटा आहे हे बाहेरून कळत नसे. मुले पाकिटामागून पाकीट घेत, आपसांत अदलाबदल करीत. सोबत चित्रकथा, पुस्तके आणि २००३ पासून सिनेमे. २००३ आणि २००४ ही लेगोची फार वाईट वर्षे, कंपनी बुडते की काय अशी हालत होती. त्या दिवसांत जो थोडा माल पैसे आणत होता त्यात बायोनिकल होते.

नावांवरून एक तंटाही झाला. बेटाच्या कथेसाठी कंपनीने न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या भाषेतले शब्द उचलले होते. ‘टोहुंगा’ हा त्यांचा जाणत्या, धर्मविधी करणाऱ्या माणसासाठीचा शब्द. तो कंपनीने खेळण्यातल्या साध्या गावकऱ्यांना लावला. २००१ साली माओरींच्या बाजूने वकिलामार्फत हरकत आली. कंपनीने बोलणी केली, पुढे असे शब्द न वापरण्याचे मान्य केले, आणि टोहुंगाचे ‘मॅटोरान’ झाले. काही पात्रांच्या नावांचे स्पेलिंग बदलले, ‘जाला’ होता तो ‘जॅलर’ झाला. कथेत याला निमित्त म्हणून नामकरणाचा एक दिवस घातला गेला. दुसऱ्याच्या श्रद्धेचा शब्द मालावर छापण्याआधी विचारून घ्यावे, हे आपल्या छपाईवाल्यांना सांगण्याची गरज नाही. आपल्या पवित्र शब्दांच्या बाबतीत आपण काय म्हणतो ते सर्वांना ठाऊक आहे.

आता मूळ वादाकडे येऊ.

२००१ च्या योद्ध्याच्या पाठीवर दातेरी चाक असे. ते फिरवले की हात वर-खाली होई आणि समोरच्याचा मुखवटा उडवता येई. हे भाग लेगोच्या ‘टेक्निक’ शाखेतले होते, ज्यात मुले गिअर, दांडे आणि खुंट्या जोडून यंत्रे बनवतात. म्हणजे ते खेळणे मुळात लहानसे यंत्र होते. उणीव अशी की गुडघा आणि कोपर वाकत नसत. २००४ च्या योद्ध्यांना वाकणारे गुडघे-कोपर मिळाले आणि चाकही राहिले. २००६ साली नवी बांधणी आली. तिच्यात जागोजाग गोळी आणि वाटीचा सांधा, योद्धा पाहिजे त्या पवित्र्यात उभा राहू लागला, पण पाठीचे चाक गेले. पुढची काही वर्षे जवळपास हाच सांगाडा, वर चिलखत आणि मुखवटा नवा. गिऱ्हाइकांत पहिली कुरबूर इथे सुरू झाली. एक बाजू म्हणे, चाक गेले म्हणजे खेळ गेला, आता हा फक्त शोभेचा बाहुला. दुसरी म्हणे, हात-पाय न वाकणारा योद्धा कसला योद्धा?

त्यात सांध्यांच्या मजबुतीचा प्रश्न आला. २००७-०८ च्या सुमारास निघालेल्या मालात वाटीसारख्या सांध्यांना चिरा जाऊ लागल्या. पोपटी रंगाचे भाग त्याबद्दल खास बदनाम झाले. गोळी बसवताना वाटी किंचित ताणली जाते आणि तो ताण नंतरही राहतो, म्हणून वाटीचा आकार व प्लॅस्टिक दोन्ही जपून ठरवावे लागतात. कापडाच्या माणसाला हे लगेच उमगते. एकाच सुताचे दहा रंग काढले तर एखादा रंग धाग्याला कमजोर करतो, आणि ते माल गिऱ्हाइकाच्या अंगावर गेल्यावर कळते.

२०१० मध्ये बायोनिकल थांबले. नऊ-दहा वर्षांची कथा इतकी गुंतागुंतीची झाली होती की नव्या मुलाला आत शिरायला दार सापडेना. त्या जागी ‘हिरो फॅक्टरी’ आली, आणि २०११ पासून तिच्यात एक नवी पद्धत : ‘कॅरेक्टर अँड क्रीचर बिल्डिंग सिस्टीम’, शौकिनांच्या तोंडी ‘सीसीबीएस’. हिच्यात ठराविक लांबीची हाडे असतात. हाडाच्या एका टोकाला गोळी, दुसऱ्या टोकाला वाटी, अंगावर चिलखताची टरफले दाबून बसवायची, आणि टरफलांवर वाटले तर आणखी नक्षीचे तुकडे. तीच हाडे २०१२ मध्ये बॅटमॅन आणि हल्कसारख्या पात्रांना लागली, २०१३ मध्ये ‘चिमा’ मालिकेच्या प्राण्यांना, आणि २०१५ ते २०१८ मध्ये स्टार वॉर्सच्या योद्ध्यांना.

कंपनीचा हिशेब समजून घेतला पाहिजे, कारण शौकीन मंडळी तो बहुधा सोडून बोलतात. प्लॅस्टिकच्या प्रत्येक वेगळ्या भागाला पोलादाचा वेगळा साचा लागतो आणि तो महाग असतो. आपल्या स्क्रीन प्रिंटिंगमध्ये जितके रंग तितक्या स्क्रीन लागतात, पहिला मीटर छापण्याआधी तो खर्च होऊन बसतो. डिझाइन चालले तर खर्च हजारो मीटरवर पसरतो, नाही चालले तर स्क्रीन भिंतीला टेकून पडून राहते. साच्याचेही तसेच. २००४ च्या सुमारास लेगोकडे वेगवेगळ्या भागांची संख्या बारा हजारांच्या वर गेली होती, आणि ते कंपनीच्या दुखण्याचे एक मोठे कारण होते. नवे प्रमुख यॉर्गन व्हिग क्नुडस्टॉर्प यांनी ही संख्या जवळपास निम्म्यावर आणली. जुन्या बायोनिकलमध्ये दर साली नवे मुखवटे, नवी पावले, नवी शस्त्रे, नवे चिलखत, आणि त्यातले पुष्कळसे दुसऱ्या कोणत्या मालात न चालणारे. सीसीबीएसमध्ये हाडांचा साचा एकदा केला की तो दहा मालिकांत फिरतो. धंद्याच्या नजरेने हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही.

पण गिऱ्हाईक साच्याचा हिशेब पाहून माल घेत नाही. दुबईला नोकरी करणारा माझा भाचा या खेळण्यांचा शौकीन आहे. त्याने एकदा २००१ चा आणि हिरो फॅक्टरीचा असे दोन योद्धे माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, मामू, हात लावून सांगा. जुना खरखरीत, अंगभर पिस्टन आणि नळ्यांची कोरीव नक्षी, पाठ मात्र उघडी आणि पोकळ. नवा गुळगुळीत, चारी बाजूंनी भरलेला, सांधे घट्ट. मला नवा जास्त पक्का वाटला. पण चाक फिरवायला हात गेला तो जुन्याकडेच.

वादात ढोबळ मानाने तीन पक्ष आहेत. एका पक्षाला टेक्निकचे गिअर आणि कोरीव भाग परत हवेत. नवी टरफले त्यांना कोरी वाटतात. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, सीसीबीएस हीच खरी लेगोची वृत्ती, कारण थोडे भाग आणि जोडण्याच्या अनेक रीती, मूल स्वतःची रचना करू शकते. जुन्या मालात एक हात म्हणजे एकच मोठा तुकडा, त्यात ‘बांधणे’ कितीसे? हा मुद्दा वजनदार आहे. २००२ साली लेगोने ‘गॅलिडोर’ नावाचे योद्धे काढले होते, टीव्ही मालिकेसह. मोठे मोठे चारदोन तुकडे, जोडायचे काम नावापुरते. तो माल साफ पडला. तिसरा पक्ष म्हणतो, दोन्ही सोडा, आता योद्धे साध्या लहान लेगो भागांतूनच करा. २०१४ साली ‘मिक्सेल्स’ मालिकेबरोबर अगदी बारीक गोळी-सांधा आला, तेव्हापासून हे सहज शक्य झाले आहे.

२०१५ साली बायोनिकल परत आले तेव्हा कंपनीने पहिल्या दोन पक्षांची दिलजमाई करून पाहिली. अंगात सीसीबीएसची हाडे, छातीत पुन्हा गिअर, धक्का दिला की उडणारा मुखवटा. मला स्वतःला हा नमुना सगळ्यांत समतोल वाटतो. तरीही २०१६ च्या उन्हाळ्यात कंपनीने मालिका थांबवल्याचे जाहीर केले, विक्री अपेक्षेइतकी नव्हती. जुन्या शौकिनांना कथा पातळ वाटली, कारण त्यांना आठवत होती ती दहा वर्षांची दाट कथा. आणि नव्या मुलाला बायोनिकल या नावाचे काही वाटत नव्हते. जुन्या गिऱ्हाइकाच्या आठवणीवर नव्या गिऱ्हाइकाचा माल विकायला निघाले की हे होते. दोघांच्या मधे दुकान उघडले, आणि दोघेही आत आले नाहीत.

२०१८ मध्ये स्टार वॉर्सचे योद्धेही बंद झाल्यावर ही शाखा संपली. कंपनीचे लक्ष मोठ्या वयाच्या गिऱ्हाइकाकडे वळले. २०२० पासून मोठ्यांच्या संचांवर सरळ ‘१८+’ असे छापले जाऊ लागले. बायोनिकलवर वाढलेली मुले आता कमावती आहेत, म्हणजे खरा प्रश्न आता सुरू होतो : त्यांच्यासाठी जुन्या पद्धतीचे साचे पुन्हा करणे परवडेल काय? माझा अंदाज असा की पूर्ण मालिकेसाठी नाही परवडणार. मोठा माणूस एक संच घेतो आणि कपाटात मांडतो. मूल मात्र सहाही योद्धे मागते आणि मुखवट्यांची पाकिटे वेगळी. बायोनिकलचा नफा त्या सहाच्या मागणीत होता.

२०२१ साली कंपनीने नव्वदाव्या वर्षानिमित्त जुन्या मालिकांवर मते मागवली, तेव्हा बायोनिकल वरच्या पसंतीत होते. २०२३ च्या सुरुवातीला त्याचे फळ मिळाले, पण लहान. टाहू आणि टाकुआ या दोन पात्रांचा २१९ तुकड्यांचा एक संच, तोही विकायला नाही, ठराविक रकमेच्या खरेदीवर भेट म्हणून. योद्धे साध्या लहान लेगो भागांतून बांधलेले, मुखवटासुद्धा तुकडे जोडून. म्हणजे कंपनीने तिसऱ्या पक्षाच्या बाजूने कौल दिला. पहिल्या पक्षातले अनेक जण नाराज झाले, पण भेट मिळवण्यासाठी खरेदी त्यांनीही केली.

दरम्यान जुना माल फिरतोच आहे. सुट्या लेगो भागांची ‘ब्रिकलिंक’ नावाची मोठी बाजारपेठ आहे, जिथे शौकीन आणि छोटे विक्रेते एकेक सांधा, एकेक मुखवटा विकतात. ती बाजारपेठ २०१९ मध्ये लेगोनेच विकत घेतली. आणि जे मुखवटे कारखान्यातून कधी निघालेच नाहीत, ते काही शौकीन थ्रीडी प्रिंटरवर घरीच करतात. त्यांच्या मापात एक अट सगळे पाळतात, मुखवटा २००१ च्या डोक्यावर बसला पाहिजे.