पुस्तकी किंमत एक रुपया

बँकेच्या हिशेबात एक गमतीचा रिवाज असतो. एखाद्या वस्तूचा घसारा पुरता वजा झाला, की तिची किंमत शून्य लिहीत नाहीत. नाममात्र एक रुपया लावून तिला वहीत जिवंत ठेवतात. मोडकी टेबले, जुन्या तिजोऱ्या, टंकलेखन यंत्रे अशा एक-एक रुपयाच्या वस्तूंच्या याद्यांवर मी नोकरीभर सह्या केल्या. निवृत्त होऊन डोंबिवलीच्या घरी कायमचा आलो, तेव्हा माझ्याही आवारात तशीच एक वस्तू उभी होती. 1974 सालची प्रीमियर पद्मिनी.

ही गाडी मी 1987 साली एका डॉक्टरांकडून घेतली, बँकेच्याच वाहनकर्जावर. डॉक्टरांनी तिच्यासाठी काही वर्षे नंबर लावला होता. तेव्हा गाडी विकत घेत नसत, ती ‘लागत’ असे. टेलिफोन आणि गॅस लागायचा तशी. माझ्या बदल्यांबरोबर ती रत्नागिरीला गेली, सांगलीला गेली. मुले तिच्या मागच्या सीटवर झोपून मोठी झाली. पुढे मुलाने नवी गाडी घेतली आणि पद्मिनी आंब्याखाली कव्हर पांघरून बसली. आठवड्यातून एकदा चोक ओढून इंजिन चालू करायचे, एवढाच आमचा संबंध उरला.

आणि अण्णांचा. अण्णा आमच्या मागच्या चाळीत राहतात. वय ब्याऐंशी. कागलजवळच्या एका खेड्यातून विशीत मुंबईला आले आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात लागले. डोंबिवलीहून सकाळची लोकल, संध्याकाळची लोकल, अशी एकतीस वर्षे. काम दारे बसवण्याचे. दार लावून त्याच्या आवाजावरून बिजागरी सरळ आहे की नाही हे ते सांगत. आमच्या गाडीपाशी आले, की अजूनही एकदा दार उघडून लावून पाहतात. ‘हे आपल्या हातचं असंल,’ म्हणतात. असेलही. नसेलही.

त्या कारखान्याची हकीकत नव्या पिढीला माहीत नसते. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. आधी अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून डॉज आणि प्लायमाउथ गाड्या जोडल्या, मग इटलीच्या फियाटशी हात मिळवला. पन्नाशीच्या दशकातली गोलमटोल ‘डुक्कर फियाट’ आठवते ना? तिच्यानंतर 1964 मध्ये चौकोनी अंगाची 1100 डिलाइट आली. हिचीच पुढे प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून पद्मिनी. इंजिन 1089 सी.सी.चे, गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे दुसरे नाव म्हणजे हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आर.टी.ओ.त 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर ती टॅक्सी म्हणून राहिली नाही. त्या दिवशी अण्णांनी वर्तमानपत्रातला फोटो कापून माझ्याकडे आणून दिला. बोलले काहीच नाहीत.

2024 मध्ये आमची गाडी पन्नास वर्षांची झाली आणि तिच्या नोंदणीचे नूतनीकरण तोंडावर आले. मुलगा म्हणाला, ‘बाबा, व्हिंटेजमध्ये टाकू.’ केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये तसा नियम केला आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते. नोंदणीचे शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे. मी अर्ज डोळ्यांखालून घातला. बँकेतली सवय, अटी आधी वाचायच्या. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक अभ्यासाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला रस्त्यावर काढता येते. रोजच्या वापराला नाही. म्हणजे मान मिळणार, पण पाय बांधले जाणार.

हे अण्णांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘साहेब, एक मागणं हाय. पाटी लावायच्या आधी एकदा मला हिच्यातनं गावाला न्या. हजारो गाड्यांना दारं बसवली, पर ह्या गाडीतनं गावाला कधी गेलो न्हाई. यस्टीनं गेलो, रेल्वेनं गेलो.’

डोंबिवली ते कागल जवळपास चारशे किलोमीटर. गाडी पन्नास वर्षांची, चालक साठी ओलांडलेला, प्रवासी ब्याऐंशीचा. सौ.ने विचारले, ‘तिघांपैकी आधी कोण बंद पडेल, काही अंदाज?’ अण्णांच्या मुलाला तर हे मुळीच पटले नव्हते. वडिलांच्या छातीचे एक दुखणे होऊन गेले होते. त्याने माझ्या हातात गोळ्यांची डबी ठेवली आणि म्हणाला, ‘काका, तुमच्या भरवशावर.’ ते ओझे मला गाडीच्या वजनापेक्षा जड वाटले.

डिसेंबरात पहाटे साडेचारला निघालो. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरची जुनी जागा लागते. नव्वदच्या दशकात फ्रान्सच्या प्युजोबरोबर भागीदारी करून प्रीमियरने कल्याणच्या कारखान्यात प्युजो 309 काढली होती. ती काही वर्षांतच थांबली. आता त्या बाजूला उंच इमारतींचे दिवे. अण्णांनी काच खाली केली, पाहिले, पुन्हा वर केली.

पनवेलहून मी द्रुतगती मार्ग टाळून जुना रस्ता धरला. खोपोली सोडली आणि बोरघाटात, शिंगरोबाच्या देवळाच्या अलीकडे, इंजिन दोन आचके देऊन बंद पडले. चढावर पेट्रोलची वाफ होऊन पंप अडला होता. मागून ट्रकांचे हॉर्न. माझा हात खिशातल्या गोळ्यांच्या डबीवर गेला. अण्णा मात्र शांतपणे उतरले, बॉनेट उघडले, आपला पंचा पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळला आणि म्हणाले, ‘पंधरा मिनिटं. तिला दम खाऊ द्या.’

मला बर्था बेंझ आठवली. मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास या बाईने केला, 1888 च्या ऑगस्टमध्ये. नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, मॅनहाइम ते फोर्झहाइम असा शंभरेक किलोमीटर. इंधन संपले तेव्हा औषधाच्या दुकानातून विकत घेतले. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. तिची पिन, आमचा पंचा. मोटारीच्या प्रवासाला सोबत हवी ती अशा माणसाची.

वाट बघताना अण्णांनी शिंगरोबाला नाणे वाहिले. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा हा धनगर. काम झाल्यावर त्यालाच मारले, अशी आख्यायिका आहे. ट्रकवाले अजूनही त्याला नाणे वाहतात. वर खंडाळ्याला 1830 चा अमृतांजन पूल मात्र आता नाही. तो 2020 च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना पाडला.

पंधरा मिनिटांनी गाडी चालू झाली. पुणे ओलांडले. खंबाटकीत सातारच्या दिशेला जाणाऱ्याला घाट चढणे भाग होते. बोगदा पुण्याकडे येणाऱ्यांसाठी. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कण्हत चढली, पण थांबली नाही. कऱ्हाडच्या पुढे मात्र पेट्रोलचा वास येऊ लागला. रबरी नळी मऊ पडून पाझरत होती. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात आणि जुन्या गाड्यांच्या रबराला ते सोसत नाही. आमच्या बाजूने उसाच्या ट्रॉल्या भरभरून कारखान्याकडे चालल्या होत्या. त्याच उसाच्या मळीतले इथेनॉल आमच्या गाडीची नळी खात होते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका मेस्त्रीने नवी नळी घातली, क्लिपा आवळल्या. पैसे विचारले तर म्हणाला, ‘म्हाताऱ्यांनी बसवलेली दारं बघू द्या आधी.’ दार लावून पाहिले आणि शेजारच्या पोरांना बोलावून त्यांनाही लावायला सांगितले.

गावात पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. अण्णांच्या थोरल्या वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. नव्वदीच्या पुढच्या, नजर अधू. अण्णांनी त्यांना हाताला धरून आणले, दार उघडले, पुढे बसवले आणि दार लावले. ‘वैनी, हे मी बसवलेलं.’ वहिनींनी दारावरून हात फिरवला. म्हणाल्या, ‘मग इतकी वर्सं आणली का न्हाईस?’ याला आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हते. मारुतीच्या देवळापर्यंत एक चक्कर मारली. बस्स, एवढ्यासाठी चारशे किलोमीटर.

परतीला गाडीने काही त्रास दिला नाही. अण्णांनी गोळ्यांची डबी मुलाच्या हातात दिली, न उघडलेली.

पुढच्या आठवड्यात मी व्हिंटेजचा अर्ज बाजूला ठेवला आणि साध्या नूतनीकरणाचा भरला. तपासणी, कर, शुल्क, पाच वर्षांनी पुन्हा सगळे तेच. ज्यांनी ती पाटी घेतली त्यांना माझा विरोध नाही. त्यांच्यामुळे कितीतरी गाड्या भंगारातून वाचल्या. पण वहिनींनी पुन्हा कधी बोलावले, तर ‘नियमात बसत नाही’ हे अण्णांना मी सांगावे, एवढा मी आता बँकेचा माणूस उरलेलो नाही. गाडी अजून आंब्याखालीच असते. फक्त तिच्यावर कव्हर घालत नाही.